पाठमोरी पढंत

कथकमध्ये नाचणारीला नाचण्याआधी बोलावंही लागतं, हे क्लास लावताना मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी चित्रकला घेतली असती. तुकडा नाचायच्या आधी माइकसमोर उभं राहून, हातानं ताल धरून त्याचे बोल खणखणीत म्हणून दाखवायचे, याला पढंत म्हणतात. त्यामुळे तबलजींना कळतं की पुढे काय येणार आहे. प्रेक्षकांना कळतं की आता टाळ्या वाजवाव्या लागणार आहेत.

मी शाळेत ‘मे आय कम इन’ म्हणावं लागू नये म्हणून घंटेच्या आधी वर्गात जाऊन बसणारी मुलगी. आमच्या इंग्रजी शाळेनं व्यक्तिमत्त्व विकासाचा खास तास ठेवला होता. त्या तासाला माझं पोट दुखायचं, इतका विकास झाला.

उस्मानपुऱ्यातल्या ताईंच्या क्लासमध्ये मी कायम मागच्या रांगेत असे. वार्षिक कार्यक्रम सीडीवर व्हायचा. सीडीचा मोठा गुण असा, की तिला आधी काही सांगावं लागत नाही. पण त्या वर्षी ताईंनी ठरवलं, साथ जिवंत हवी. तबला, पेटी, सगळं. आणि सोलो म्हणून माझं नाव घेतलं.

“पण पढंत तूच करायची,” ताई म्हणाल्या. “नाही जमली तर परत मागची रांग, आणि मग सोलोचं नाव काढायचं नाही माझ्यापाशी.”

मला तो सोलो हवा होता. इतका, की घरी खोलीचं दार लावून मी तो रोज नाचत होते. पढंतसुद्धा करत होते, उशीत तोंड घालून.

वर्ष दुष्काळाचं होतं. शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. पुढे नाव बदललं. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर वर जायकवाडीचा तडकलेला तळ असायचा आणि खाली नव्या टाऊनशिपच्या स्विमिंग पूलची जाहिरात. दोन्ही रंगीत. क्लास चालू असताना टँकरचा हॉर्न वाजला की ताई पायांचा तत्कार अर्ध्यावर सोडून कळशी घेऊन जिना उतरायच्या. लय मात्र आम्ही सोडायची नाही, असा त्यांचा आग्रह होता.

तबल्याला येणारे उस्ताद वयस्क होते आणि त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं. तालमीत मी पढंत केली तेव्हा ते आधी पुढे झुकले, मग त्यांनी कानामागे हात धरला आणि शेवटी पेटीवाल्यांना विचारलं, “बच्ची कुछ बोलरी क्या?”

ताईंनीच बोल म्हटले. वर मला बजावलं, “कार्यक्रमात मी तोंड उघडणार नाही हां.”

कार्यक्रमाचे प्रायोजक एक बिल्डर होते. मागच्या पडद्यावर त्यांच्या इमारतींचा बॅनर एवढा मोठा, की मुली कुणाच्या तरी पार्किंगमध्ये नाचत आहेत असं वाटावं. आधी सत्कार झाले. दुष्काळ असल्यामुळे हारतुरे टाळून प्रत्येक पाहुण्याला रोप देण्यात आलं. ते जगवायला पाणी कुठून आणायचं, हे पाहुण्यांवर सोडलं होतं. मग बिल्डरसाहेब पाणी जपून वापरण्यावर बोलले. बराच वेळ बोलले. शेवटी त्यांच्या फ्लॅट्समध्ये चोवीस तास पाणी असल्याचंही त्यांनी ओघात सांगितलं.

विंगेत हॉलचे मॅनेजर हातातलं घड्याळ दाखवत उभे होते. ताई घाईघाईनं माझ्याकडे आल्या. “शेवटचे दोनच तुकडे घे. पढंत सोड, थेट नाच.”

“आणि ती अट?”

“अगं, अट काय घेऊन बसलीस! जा!”

आयुष्यात पहिल्यांदा एका बिल्डरबद्दल माझ्या मनात कृतज्ञता दाटून आली. मी स्टेजवर गेले. पेटीवर लहेरा सुरू झाला, तीच एक ओळ पुन्हा पुन्हा. मी उभी राहिले. उस्तादांनी तबल्यावरून मान वर केली.

“कौनसा लेरे बेटा?”

काय गाळलं आणि काय ठेवलं, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी बोटांनी ‘शेवटचे दोन’ अशी खूण केली.

“क्या दो? अरे, मुँह से बोलो ना, मेरेकू कैसा मालूम होना?”

मी त्यांच्यासमोर जाऊन वाकले. प्रेक्षकांकडे पाठ. त्यांच्या चांगल्या कानाच्या दिशेनं, हातानं ताल धरून, म्हणायला लागले. तत् तत् थेई, तिग्धा दिगदिग थेई. आणि हॉलच्या चारी कोपऱ्यांतून कुणीतरी बाई तेच ओरडायला लागली.

तबल्याचा माइक माझ्या हनुवटीखाली होता.

थांबायचं ठरवलं असतं तरी थांबता येत नव्हतं. सम यायची होती. बोल अर्ध्यात सोडणं म्हणजे पायरी चुकून पडण्यासारखं असतं, सगळ्यांना दिसतं. मी समेवर पोचले.

“हाँ, ऐसा बोलना!” उस्ताद म्हणाले. तेही चारी कोपऱ्यांतून ऐकू गेलं. लोक हसले. मी वळले आणि नाचले.

दुसऱ्या तुकड्याच्या वेळी माइक कुठं आहे ते मला माहीत होतं. पढंतसाठी ठेवलेला मोठा माइक स्टेजच्या कडेला रिकामा उभा होता, आणि नुसती खूण केली असती तर आता उस्तादांना कळलंही असतं. मी परत त्यांच्याकडेच गेले, परत पाठ फिरवली आणि आधीपेक्षा मोठ्यानं म्हटलं. मला तो आवाज आणखी एकदा ऐकायचा होता.

कार्यक्रमानंतर आमच्या कॉलनीतल्या काकूंनी आईला गाठलं. “छान नाचली हो. पण त्या तबलेवाल्यांशी कशावरून भांडत होती?”

“भांडत नव्हती, ते नाचातलंच आहे,” आई म्हणाली. तिलाही खात्री नव्हती.

पार्किंगमध्ये ताईंनी मला पकडलं. “पैठणला एक कार्यक्रम आहे. तबल्याला हेच उस्ताद येणार. सोलो द्यायचाय. पण अशी पाठ फिरवून पढंत करतात का कुठं? लोकांकडे तोंड हवं. म्हण बरं आत्ता.”

“इथं?”

“मग कुठं? म्हण.”

आजूबाजूला पालक गाड्या काढत होते, हॉर्न वाजवत होते. मी समोरच्या स्कूटीकडे बघून सुरुवात केली.

“गाडीला नाय ऐकवायचं. माझ्याकडे बघ.”

मी ताईंच्या टिकलीकडे बघितलं. डोळ्यांच्या जरा वर बघणं जमण्यासारखं होतं. पहिल्यापासून म्हटलं, समेपर्यंत. एक काका काच खाली करून बघत राहिले.

“टिकलीकडे बघतेस,” ताई म्हणाल्या आणि पर्समध्ये किल्ली शोधू लागल्या. “चालेल. पैठणला तूच.”