रूटच्या पाथमधलं टिंब

वाघोलीच्या एका कॉलेजात मी सर्व्हर सांभाळायला लागलो. सहा महिन्यांनी कायम करणार होते, आणि शिफारस लिहायची होती लॅबप्रमुख मॅडमनी. सदाशिव पेठेतून रोज स्कूटरवर येणाऱ्या या बाईंनी माझं एकदाही कौतुक केलं नव्हतं. मला मात्र नोकरी हवीच होती. घरी पेढे वाटून झाले होते.

लिनक्सवर `ls` लिहिलं की फोल्डरमधल्या फायलींची यादी येते. पण मुळात ही कमांड कुठे आहे, हे मशीन काही ठरलेल्या फोल्डरांत ओळीने शोधतं आणि पहिली सापडेल ती चालवतं. त्या ओळीला पाथ म्हणतात. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टच्या, म्हणजे छोट्या प्रोग्रामच्या, नावाआधी दरवेळी `./` लिहायचा मला कंटाळा. म्हणून रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, पाथमध्ये अगदी पुढे एक टिंब ठोकून दिलं. टिंब म्हणजे, जिथे उभे आहात तिथेच आधी शोधा.

मॅडमना ते दिसलं. "अहो, मंडईत शिरल्यावर जो पहिला ओरडेल त्याचीच भाजी घेता का आपण?"

"रूट म्हणून मीच तर असतो," मी ऐटीत म्हणालो.

"तीच तर काळजी आहे."

सोमवारी त्या म्हणाल्या, "माझ्या फायली दिसत नाहीयेत. जरा बघता?" मी रूट होऊन त्यांच्या फोल्डरमध्ये गेलो, `ls` मारलं. कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला आणि माझा राजीनामा बाहेर आला. वैयक्तिक कारणास्तव! बाईंनी `ls` नावाची स्वतःची स्क्रिप्ट तिथे ठेवली होती, आणि मी ती सर्वाधिकाराने चालवली होती.

"यात मुलांचे मार्क पुसायची ओळ असती तर?"

मी घाईघाईने टिंब काढलं, पुन्हा लॉगिन केलं, त्याच फोल्डरमध्ये जाऊन `ls` मारलं. प्रिंटर परत सुरू. टिंब गेलं होतं, पण त्याच्यामागचा कोलन, पाथमधले फोल्डर वेगळे करणारं ते चिन्ह, मी तसाच ठेवला होता, आणि पाथमधली रिकामी जागाही 'इथेच शोधा' अशीच वाचली जाते.

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "ऑफिसला दोन प्रती लागतात."

कोलनही काढला. या वेळी प्रिंटर गप्प राहिला आणि खरी यादी आली. त्यात माझ्या नावाची आणखी एक फाईल होती. भीतभीतच उघडली. मला कायम करण्याची शिफारस, टिंबाच्या आधीच्या तारखेची. शेवटची ओळ होती: 'सांगितलेलं ऐकतात.'

मला शरमेने मेल्यासारखं झालं.

मॅडमनी चष्मा पुसला. "ती ओळ ठेवू, की काढू?"