नसलेल्या गावात सर जेवले

माझ्या पीएचडीच्या पहिल्या गाईडचा गौरवग्रंथ निघतो आहे. विभागातून फोन आला, "तुम्ही सरांच्या जुन्या विद्यार्थिनी, थोड्या आठवणी लिहून द्या." मी लगेच हो म्हटलं. फोन करणाऱ्या मुलीला माझा उत्साह ऐकून बरं वाटलं असावं. आठवणी माझ्याकडे आहेत, आणि त्या लोणच्यासारख्या चांगल्या मुरल्या आहेत. ग्रंथात त्या कुणी छापणार नाही, म्हणून इथे लिहिते. नाव कुणाचंच घालणार नाही. सर वाचतील तेव्हा त्यांना कळेलच, आणि त्यांच्यासाठीच तर लिहिते आहे.

माझ्या पीएचडीचा विषय होता सशस्त्र बंडखोरी. जंगलातून बंदूकवाले येतात, त्यांच्या मागावर पोलीस येतात, आणि या दोघांच्या मध्ये जे गाव सापडतं ते कसं जगतं, हे मला शोधायचं होतं. आईला हा विषय बिलकूल पसंत नव्हता. आमचं घर विदर्भातून येऊन जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात स्थिरावलेलं, आणि आमच्याकडे नोकरी म्हणजे कारखाना नाहीतर रेल्वे. "काहून या बंदुकीच्या भानगडीत पडून राहिली तू?" आई म्हणायची. "बँकेची परीक्षा दे ना." पण सर मराठी निघाले, मराठ्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या जुन्या घराण्यातले, आणि आई विरघळली. "आपल्यातले आहेत, लक्ष ठेवतील," म्हणाली. लक्ष त्यांनी खरोखरच ठेवलं, माझ्यावर नाही, माझ्या कागदांवर.

बंडखोरी या विषयावर सरांचा शब्द आमच्याकडे शेवटचा मानत. कुठे गोळीबार झाला की स्थानिक वर्तमानपत्रं त्यांचं मत छापायची. त्यांनी जंगल पाहिलं होतं ते रेल्वेच्या खिडकीतून. त्यांना डास चावायचे, बाहेरचं पाणी बाधायचं, आणि डोंगराळ रस्त्यावर बसमध्ये उलटी व्हायची. त्यामुळे गावोगावी मी जायचे. बस, मग जीप, मग पायी. एका शाळेतल्या बाईंकडे उतरायचे आणि घराघरातून बसून ऐकायचे.

त्यातल्या एका घरी एक बाई भेटली. मोहाची फुलं वाळत घालता घालता तिने सगळं सांगितलं. बंदूकवाले संध्याकाळी दारात येऊन भात टाक म्हणायचे. ती टाकायची, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. मग पोलीस येऊन विचारायचे, इथे कोण जेवलं. तेही भात खाऊन जायचे. तिच्या नवऱ्याला चौकशीला नेलं, तो परत आला तेव्हा त्याचा एक हात सरळ होत नव्हता. बंदूकवाले कोणत्या वाटेने येतात, तेही तिने सांगितलं. हे दोघांतल्या कुणालाही कळलं असतं तरी तिची सुटका नव्हती. मी निघाले तेव्हा ती मागून आली. "दीदी, सब बता दिया," ती म्हणाली. "अब ऐसा लिखना कि हम तक कोई न पहुँचे." मी तिला शब्द दिला.

आमच्या कामात यासाठी एक पद्धत असते. गावाचं नाव बदलतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण नुसतं नाव बदलून भागत नाही. टेकडी, नाला, बाजाराचा वार यावरून माहीतगार माणूस गाव बरोबर ओळखतो. म्हणून मी आख्खं गावच नव्याने बांधलं. टेकडी एका गावची घेतली, नाला दुसऱ्या टोकाचा, बाजार तिसरीकडचा. हातपंप तर जबलपूरजवळच्या शहपुऱ्याचा, माझ्या आत्याच्या दारातला. त्याची मूठ मोडलेली होती आणि तिला नायलॉनची दोरी बांधलेली होती. शहपुऱ्यात गहू होतो, वाटाणा होतो, म्हशीवरून भांडणं होतात. बंडखोरी तिथे कधी फिरकली नाही. प्रकरणाच्या शेवटच्या टिपांमध्ये मी स्पष्ट लिहिलं की माणसांचं बोलणं खरं आहे, पण हे गाव नकाशावर नाही, ते तुकडे जोडून केलं आहे.

सर टिपा वाचत नसत. "टिपा परीक्षकांसाठी असतात, बेटा," असं ते हसून सांगायचे. मला तेव्हा ते विनोदी वाटायचं.

प्रकरण त्यांच्याकडे दिलं आणि ते तिथेच अडकलं. विचारायला गेलं की, "बघतो, अभी टाइम नहीं है." त्यांच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही. सोबतच्या मुली प्राध्यापक झाल्या, त्यांची लग्नं झाली, आणि मी सरांच्या घरचं गॅसचं सिलिंडर आलं की नाही ते बघत होते.

मग विभागात मोठं चर्चासत्र ठरलं, देशाच्या सुरक्षेवर. बाहेरगावचे प्राध्यापक येणार होते, लष्करातले लोक येणार होते. छापलेले निबंध आणायला सरांनी मला शहरातल्याच गोहलपूरच्या प्रेसमध्ये पाठवलं. गठ्ठे सुतळीने बांधलेले होते. ते मांडीवर घेऊन मी रिक्षाने आले, दारातल्या टेबलाशी बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला हसून एकेक फोल्डर देऊ लागले. गर्दी ओसरल्यावर एक फोल्डर उघडलं. पहिलाच निबंध सरांचा होता. माझं प्रकरण, माझी वाक्यं, माझे परिच्छेद. वर सरांचं एकट्याचं नाव. खाली आभारसुद्धा नाहीत.

संताप म्हणजे काय ते मला त्या टेबलाशी कळलं. वाटलं आत जावं आणि फोल्डर त्यांच्या तोंडावर फेकावं. पण मी सवयीने शेवटचं पान उलटलं आणि तिथे टिपा नव्हत्याच. सरांनी त्या गाळल्या होत्या, न वाचता. त्यांच्या जागी सुरुवातीला एक नवा परिच्छेद घातला होता: आपण या गावात एकट्याने राहिलो, सोबत कुणालाही नेलं नाही, त्या बाईच्या चुलीपाशी बसून भात खाल्ला. मी तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि मला हसू आलं. फोल्डर मिटून मी आत जाऊन शेवटच्या रांगेत बसले. आता मला कुठलीही घाई नव्हती.

सर फार छान बोलले. हातपंपाच्या दोरीचं वर्णन करताना त्यांचा गळा दाटून आला. माझ्या आत्याच्या हातपंपासाठी सभागृह हळहळत होतं आणि मी मनात म्हणत होते, बोला सर, आणखी बोला. मग त्यांनी ती वाट सांगितली, बाईने मला सांगितलेली आणि मी प्रकरणात तशीच राहू दिलेली, आणि माझं हसू गेलं. अध्यक्षस्थानी पोलिसांतले एक मोठे अधिकारी होते. त्या जंगलात त्यांची नोकरी झालेली होती. वाट ऐकल्यावर ते पुढे झुकले आणि काहीतरी लिहून घेऊ लागले.

चहाच्या सुट्टीत सर मला शोधत चहाच्या मांडवामागे आले. कपाळावर घाम होता. "बेटा, साहेब गावाचं खरं नाव विचारून राहिले. त्या बाईशी बोलायचं म्हणतात. कुठलं गाव ते?"

"कोणतं गाव, सर?"

"अगं, आपलं गाव. नाव तू बदललंस ना?"

"आपलं?" मी म्हटलं. "तुम्ही तर एकटेच गेला होतात."

ते आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, तुझा प्रबंध पुढच्याच महिन्यात जमा करतो. सही आजच करतो, चलो. फक्त नाव सांग."

खोटं कशाला बोलू, मला ती सही हवी होती. ज्या सहीसाठी मी इतकी वर्षं त्यांच्या दाराशी उभी होते, ती ते चहाच्या कपासोबत देत होते. नुसतं नाव सांगायचं होतं. पण ती बाई माझ्या मागून चालत आलेली मला आठवत होती. "मला माहीत नाही, सर," मी म्हटलं आणि आत गेले.

जेवणानंतर खुली चर्चा होती. अधिकाऱ्यांनी माईक घेऊन सरळ विचारलं, "प्रोफेसर साहब, नाम गुप्त रखिए, आपका उसूल है. बस रास्ता बता दीजिए. आप किधर से गए थे?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. शेवटच्या रांगेत त्यांना मी दिसले. "माझी विद्यार्थिनी सांगेल, क्षेत्रकार्याचं सगळं तिच्याकडे असतं," ते म्हणाले. "उठ बेटा, सांग."

सगळ्या माना वळल्या. मी उठले. माईक माझ्यापर्यंत येईपर्यंत मी फोल्डर उघडून ठेवलं. "सर, मी कशी सांगणार?" मी म्हटलं. "निबंधात लिहिलंय की तुम्ही एकट्याने गेलात, सोबत कुणालाही नेलं नाही. वाचून दाखवू का?" आणि मी तो परिच्छेद वाचून दाखवला. सावकाश, एकही शब्द न गाळता. तसं वाचायला मला फार बरं वाटलं.

मग सर बोलू लागले. टेकडीच्या बाजूने गेलो, नाला ओलांडला, बाजाराचा दिवस होता. त्यांच्याकडे माझ्या तुकड्यांशिवाय दुसरं काहीच नव्हतं. अधिकारी शांतपणे ऐकत होते. "ये पहाड़ी मैंने देखी है," ते म्हणाले. "नाला भी देखा है. दोनों के बीच पूरा दिन लगता है. और उस वार का बाज़ार दोनों जगह नहीं लगता. आपने खाना किस गाँव में खाया?"

सभागृहात कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. सरांनी ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "वर्णनात थोडा कल्पनेचा भाग आहे," असं काहीसं ते हिंदीत पुटपुटले.

"तो वो औरत? वो भी कल्पना है?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून लख्ख आठवते. बाई खरी आहे हे त्यांना कळलं होतं, आणि ती कुठे आहे हे फक्त मला माहीत होतं. मी तोंड उघडलं असतं तर ते वाचले असते, आणि माझं प्रकरणही: त्यातलं बोलणं खरं आहे हे तिथल्या तिथे सिद्ध झालं असतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना मिनतवारी करायला लावायची माझी फार इच्छा होती, आणि ते डोळ्यांनी ती करत होते.

"जी," सर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलेला कागद चुरगाळला आणि बशीत टाकला. त्या एका 'जी'ने बाई सुटली. सरांची अब्रू गेली. आणि माझं प्रकरण मेलं. ते खरं होतं, माझ्या आयुष्यात मी त्यापेक्षा चांगलं काही लिहिलं नाही, आणि त्या दिवसापासून जबलपुरात ते थापांचं प्रकरण म्हणून ओळखलं जातं. खरं आहे म्हणून सांगायला गेले की पुढचा प्रश्न येणार, मग गाव कुठलं. पुढे मी दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या गाईडकडे, ते प्रकरण वगळून पदवी घेतली. सरांचं म्हणाल तर अशा माणसांचं नोकरीत काही बिघडत नाही. पण चर्चासत्रांची आमंत्रणं बंद झाली. विभागातली मुलं त्यांच्या पाठीमागे विचारू लागली, सर, आज जेवण कुठल्या गावात. ते आठवून मला आजही आनंद होतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

त्या प्रकारानंतर काही आठवड्यांनी सर आमच्या घरी आले. आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने खुर्ची पुसली, पंखा लावला. ती आत गेल्यावर सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं स्वतःचंच काम गेलं ना शेवटी."

"गेलं," मी म्हटलं.

"एक नाव सांगितलं असतंस तर आपण दोघंही वाचलो असतो."

"आपण तिघं होतो, सर."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ते चपला शोधू लागले. आईने आतून हाक मारली, "चाय ठेवून राहिली हो सर, बसा." आमच्या घरातून चहा न घेता आजवर कुणी गेलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद केला.