आधी उदाहरण दाखवा, सर!

पिठाच्या गिरणीत कितीही अंग झटका, घरी पोचेपर्यंत भुवयांवर पीठ राहतंच. किस्स्यांचंही तसंच. वसमतला माझ्या गिरणीवरच्या खोलीत वंदना, सिराज आणि त्यांचे सर मराठीत पुस्तक लिहितात. ज्यांनी कधी प्रोग्रामिंग केलं नाही, त्यांच्यासाठी. मी जेमतेम सातवी. म्हणून पोरांनी ठरवूनच टाकलं, काकांना वाचून काँप्युटरवर जमलं, तरच पान पास!

*

पहिलं पान फंक्शनचं. सरांची व्याख्या मी सावकाश वाचली.

"कळलं का काका?"

"वाचलं. कळलं न्हाई."

तांड्यावरची वंदना पुढे सरकली. तिने खाली छोटं उदाहरण लिहिलं. मी एका बोटाने ते टाइप केलं, माझं नाव घातलं, एंटर दाबलं. स्क्रीनवर आलं, "जय भीम, नामदेवकाका!"

मी उभं राहून हात जोडले. पोरं हसली. हसू द्या!

मग मी माझं नाव पुसून बायकोचं घातलं. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मशीनने तिलाही जय भीम केला.

"आता कळलं," मी म्हणालो.

*

सिराजने इंग्रजी पुस्तकातून उदाहरण उचललं. त्यात नुसतं फू आणि बार.

"हा फू कोण रे?"

"कोणीच न्हाई काका. अशीच नावं ठेवतात."

"मग कोणीच न्हाई त्याच्याशी माझी सोयरीक काहून जोडून राहिला?"

दुसऱ्या दिवशी फूची हळद झाली आणि बारचा कापूस.

*

त्याच सिराजच्या एका उदाहरणात कंस राहिला. मी होतं तसं टाइप केलं, स्क्रीन लाल!

"काका, तेवढा कंस समजून घ्यायचा की!"

"बाबा, समजत असतं तर उदाहरण कशाला बघितलं असतं?"

तेव्हापासून स्वतः चालवून बघितल्याशिवाय उदाहरण छापायचं नाही, असा नियम झाला.

*

एक दिवस सर म्हणाले, "उदाहरणांनी पुस्तक फुगलंय. व्याख्या पक्की असली की पुरे. सगळी काढा!"

वंदना म्हणाली, "सर, माझ्या बहिणीला तांड्यावर विचारायला कोणी न्हाई. तिच्यासाठी पुस्तकच मास्तर. काढायची तर माझी पानंबी काढा."

"ठीक आहे. उद्यापासून येऊ नकोस."

ती पायऱ्या उतरली. सिराजही उतरला. सर माझ्याकडे बघायला लागले.

"पान पास न्हाई," मी म्हणालो.

"कोणतं पान?"

"आता कोणतंच न्हाई."

*

सर हट्टाचे. उदाहरणं काढलेली पानं घेऊन ते आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका शाळेत निघाले. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी जीपमध्ये बसलो.

वंदनाची धाकटी बहीण त्याच शाळेत. वंदना आधीच मागच्या बाकावर येऊन बसलेली.

पोरींनी काँप्युटरसमोर बसून पानं वाचली. हात मांडीवरच. सरांनी व्याख्या समजावली, परत समजावली. हात मांडीवरच.

वंदना उठली. कोणाला न विचारता खडू घेतला आणि फळ्यावर सतराचा पाढा छापणारं उदाहरण लिहिलं.

खटखट सुरू झाली. एका स्क्रीनवर पाढा आला, मग दुसऱ्यावर. एकीने सतराच्या जागी एकोणतीस घातलं आणि ती किंचाळलीच, "आलं गं!"

सर फळ्यासमोर येऊन उभे राहिले. "थांबा! आधी व्याख्या!"

वंदनाच्या बहिणीने मान वाकडी केली.

"सर, जरा बाजूला सरा. फळा दिसून न्हाई राहिला!"