उकडीचे मोदक आणि शिंगाचं धनुष्य

दुसऱ्याच्या आंघोळीचा एवढा धसका घेतलेला माणूस माझ्या धाकट्या दिरांशिवाय त्रिभुवनात सापडायचा नाही. शारजातल्या अल मजाजच्या त्यांच्या फ्लॅटची बेल वाजवली, की दार बोटभर उघडायचं, फटीतून आधी चष्मा दिसायचा आणि मग प्रश्न यायचा, "वहिनी, केस ओले आहेत का?" या नाही, बसा नाही. केस ओले असले तर लिफ्टपाशी उभं राहून वाळवायचे आणि मगच आत. मी अल नहदाहून ट्रॅफिकमध्ये तास घालवून आलेली असायची, तरी माझी वेणी दारातच चाचपली जायची. सख्खा दीर म्हणून सोडून दिलं, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर परत त्या मजल्याचं बटण दाबलं नसतं मी.

कारण काय, तर त्यांच्या स्टोअररूममध्ये, जिथे बाकीची माणसं बॅगा नि व्हॅक्यूम क्लीनर ठेवतात तिथे, एक धनुष्य वाळत टांगलेलं होतं. तुर्की धनुष्य. तुम्ही म्हणाल, लाकूड वाकवलं, दोरी बांधली, झालं. मीही तसंच म्हणाले होते आणि त्यापायी पाऊण तासाचं व्याख्यान ऐकलं होतं. मध्ये मेपलचं लाकूड, पोटाच्या बाजूला म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या, पाठीवर जनावरांच्या पायातल्या चिवट शिरा कुटून काढलेले धागे, आणि हे सगळं चिकटवायला माशाच्या फुग्याचा सरस. सगळं जुळलं की ते उलट्या बाजूला वळवून, अगदी कडबोळ्यासारखं गोल बांधून, वर्षभर वाळवायचं. हवेत जरा ओलावा वाढला की सरस मऊ पडतो आणि केलेलं सगळं मातीत जातं. आणि हा उद्योग कुठे, तर शारजात, खाडीच्या काठावर, जिथे उन्हाळ्यात बाल्कनीचं दार उघडलं की चष्म्यावर पाणी जमतं! पण भाऊजींचा जन्म एसीच्या कंपनीत गेला. "आख्ख्या शहराची हवा कोरडी केली मी, वहिनी," ते म्हणायचे, "माझी एक खोली नाही का होणार?"

हे खूळ शिरलं ते एका म्युझियममध्ये. भारतातून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला आम्ही गेलो होतो. काचेच्या पेटीत एक जुनं धनुष्य होतं, दोरी नसलेलं, स्वतःतच गुंडाळून झोपी गेलेलं. पाहुणे कॅफेत जाऊन चहा पिऊन आले तरी भाऊजी काचेला नाक लावून उभेच. शेवटी गार्ड म्हणाला, "खलास, सर, क्लोजिंग टाइम." गाडीत बसल्यावर एवढंच बोलले, "हे माणसाच्या हातानं केलंय." त्यानंतर माझ्या जावेच्या संसाराची जी कळा झाली, ती तिनेच सोसावी. कुरडयांच्या शेजारी स्टँडवर शिरा वाळत. गुरुवारचा उपास सोडायला वरण ठेवावं तर शेगडीवर सरस उकळत असे. शिरा कुटायचा आवाज ऐकून बिल्डिंगचा नातूर, म्हणजे इथला वॉचमन, वर आला होता. "भाईसाब, रोज़ कीमा बनाते हो क्या?" भाऊजींनी त्याला आत बसवून तेच पाऊण तासाचं व्याख्यान दिलं, हिंदीतून. बिचारा पुन्हा कधी आला नाही. आणि कुकर? कुकरला त्या घरात बंदीच झाली. शिट्टी म्हणजे वाफ, वाफ म्हणजे ओलावा. भिंतीवर देवाच्या तसबिरीखाली ओलावा मोजायचं एक गोल यंत्र लावलं होतं. भाऊजी येता-जाता देवाला नमस्कार करायचे आणि नजर मात्र खाली काट्यावर असायची.

याआधीची दोन धनुष्यं मोडली होती. पहिलं दोरी चढवतानाच क्रीमच्या बिस्किटासारखं उकललं. दुसरं फुटलं, त्याचा तुकडा हॉलमधल्या घड्याळाला लागला आणि ते घड्याळ कायमचं थांबलं. जावेने ते मुद्दाम तसंच भिंतीवर ठेवलं होतं. म्हणून या तिसऱ्यावर सगळा जीव. त्यात नोकरी संपत आली, दिवाळीनंतर व्हिसा संपणार, कोकणातल्या घरी कायमचं परतायचं, तिकिटं काढलेली. धनुष्य पुरं व्हायचं तर इथेच आणि त्याआधीच.

आणि नेमकं त्या वर्षी गणपतीत या माणसाने काय करावं! बाप्पा आले, आरती झाली, तेव्हा भाऊजींना भरून आलं. स्टोअररूममधून स्वतःच्या हाताने ते कडबोळं बाहेर काढलं आणि बाप्पाच्या पायाशी ठेवलं. म्हणाले, "आशीर्वाद घेऊ दे त्याला." वर दूर्वेने पाणी शिंपडलं. आता बाप्पाची जागा कुठे, तर स्वयंपाकघराच्या दाराला लागून. आणि उकडीच्या मोदकांशिवाय या माणसाचा गणपतीच होत नाही. जाऊ म्हणाली, "अहो, तळणीचे करते या वर्षी, वाफ नको." तर ऐकतील? "बाप्पाच्या वाफेने काय होतंय!" दिवसभर मोदकपात्र शेगडीवर रटरटत होतं, घाणे उतरत होते, तूप सोडून आम्ही खात होतो, आणि सगळ्यात जास्त मोदक कुणी खाल्ले हे सांगायला नको. सकाळी पाहतात तर धनुष्याचा एक हात, म्हणजे मुठीच्या एका बाजूचा भाग, कलला होता. मान अवघडून झोपलेल्या माणसासारखा. वर्षभर ज्याने माझी वेणी चाचपली, त्याच माणसाने आपलं धनुष्य मोदकांबरोबर उकडून काढलं होतं. एरवी मी हसून हसून पडले असते, पण फोनवर त्यांचा आवाज ऐकला आणि मला हसूच फुटेना.

पुन्हा वाळवायला महिने हवे होते, हातात आठवडे होते. दोरी चढवायचा दिवस ठरला तो सामान न्यायला माणसं यायच्या आदल्या दिवसाचा. हॉलमध्ये खोके रचलेले, पडदे उतरवलेले. त्यांची मुलगी दुबईतल्या अल बर्शाहून आली होती, ती दारातच म्हणाली, "बाबा, धिस इज नॉट सेफ. प्लीज डोन्ट." जाऊ स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी. आमचे हे फ्रिजचं दार उघडून त्याच्या आड पाणी पीत होते, आणि ते पाणी काही केल्या संपत नव्हतं.

भाऊजींनी मला समोर खोक्यावर बसवलं. "वहिनी, तुम्ही बघायचं. दोन्ही हात सारखे वाकतात का, तेवढं सांगायचं."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत तुम्ही. आणि माझं कौतुक तुम्ही एकदाही केलेलं नाही. म्हणून तुम्हालाच विचारतोय."

जावेच्या हेअर ड्रायरने त्यांनी धनुष्य गरम केलं. मग मांडीखाली दाबून, दोन वाकड्या लाकडी फळ्यांना बांधत बांधत, ते कडबोळं उलगडायला घेतलं. सरळ करायचं आणि मग सरळच्याही पलीकडे, विरुद्ध बाजूला वाकवायचं. कपाळावरचा घाम धनुष्यावर पडू नये म्हणून त्यांनी पंचा बांधला होता. लाकूड कुरकुरलं. दोरीचा एक फास बसला. दुसरा खाचेपर्यंत आला, घसरला, पुन्हा आला. आणि टक्!

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. मुलगी ओरडली, "बाबा!" फ्रिजचं दार धाडकन लागलं. मी खोक्यावरून उठलेच. तर चौकटीतून जावेचा रडवेला आवाज आला, "काही नाही हो, माझी बांगडी वाढली." चौकट एवढी घट्ट धरली होती तिने!

भाऊजींनी डोळे उघडले. फास खाचेत बसला होता. धनुष्य शाबूत होतं. पण हसायला कुणाला जमलं नाही, कारण आता माझी पाळी होती. मी डोळे बारीक करून पाहिलं. जीव म्हणत होता सारखं आहे म्हण आणि मोकळी हो. पण खांदा उतरलेला ब्लाउज मी कधी गिऱ्हाइकाला दिला नव्हता.

"खालचा हात ताठ आहे, भाऊजी. वाफ लागलेला वरचा जास्त वाकतोय."

त्यांनी कानस घेतली आणि खालच्या हाताच्या शिंगावर हळूच फिरवली. यालाच ते तोल काढणं म्हणायचे. ताठ बाजू जराजराशी खरवडायची. जास्त खरवडलं तर परत लावता येत नाही, आणि कमी खरवडलं तर दुबळी बाजू एक दिवस पिळवटून फुटते. खरवडायचं, दोरी थोडी ओढायची, माझ्याकडे बघायचं. "अजून," मी म्हणायची. पुन्हा कानस. पांढरी-काळी भुकटी त्यांच्या पंच्यावर पडत होती. "अजून थोडं." प्रत्येक 'अजून'ला जाऊ माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच तिच्या नवऱ्याला सुळावर चढवत होते. शेवटी एकदा त्यांनी दोरी ओढली आणि दोन्ही हात एकाच वेळी, एकाच गोलाईने मागे आले, पंख पसरल्यासारखे.

"बस," मी म्हटलं. "आता हात लावू नका."

ते उभे राहिले. दोरी छातीपर्यंत ओढली, मग कानापर्यंत. सत्तरीला टेकलेला, पंचा गुंडाळलेला माझा दीर त्या रिकाम्या हॉलमध्ये असा काही दिसत होता, की मुलीने फोटो काढायला घेतलेला फोन तिच्या हातातच राहिला. मग तितक्याच सावकाश त्यांनी दोरी परत आणली.

"अहो, सोडा की!" फ्रिजकडून आमचे हे.

"बाणाशिवाय सोडायची नसते, दादा. फुटतं."

"मग बाण?"

भाऊजी हसले. बाण त्यांनी केलाच नव्हता. बाणाचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं!

दोरी उतरवली. धनुष्य पुन्हा हळूहळू स्वतःत गुंडाळलं. त्यांनी ते जावेच्या जुन्या रेशमी ओढणीत बांधलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे तुमच्याकडे राहू दे, वहिनी. आमच्या घरी पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचं पाणी होतं. तिथे हे चार महिने जगायचं नाही."

जावेला माहीत नव्हतं, मुलीला माहीत नव्हतं. तो माणूस ते सगळे आठवडे हे जाणून ते वाळवत होता. मला काहीतरी बरं बोलायचं होतं. तोंडून निघालं ते, "स्टोअरमध्ये जागा करावी लागेल." ते म्हणाले, "करा."

आता ते स्टोअरमध्ये नाही, माझ्या कपाटात पैठण्यांच्या शेजारी झोपलेलं असतं, आणि ते ओलाव्याचं यंत्र माझ्या तसबिरीखाली आलंय. दर रविवारी फोन येतो. प्रकृती नाही, दादा नाही, आधी प्रश्न, "काटा कुठे आहे?" मी सांगते. मग पलीकडून पावसाचा आवाज ऐकू येतो, आणि ते म्हणतात, "इथे काटा बघण्यात अर्थ नाही."

यंदा गणपतीत फोन आला. "मोदक झाले?"

"झाले."

"उकडीचे?"

"तळणीचे केले, भाऊजी."

तिकडे पाऊस वाजत होता. मग म्हणाले, "इथे उकडीचे केलेत. हिने भरपूर केलेत. पण दोनाच्या वर जाईनात, वहिनी."

तेवढ्यात आमची बेल वाजली. शेजारीण आली होती, आरतीला, नुकतीच नाहून. मी दार बोटभर उघडलं आणि फोन कानाला तसाच धरून विचारलं, "केस ओले आहेत का हो तुमचे?"

पलीकडे पावसातून हसू ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी.