अव्वा ‘सरी’ म्हणेपर्यंत

निघायच्या दिवशी अप्पांनी सोलापूर स्टेशनवर माझी बॅग डब्यात चढवली आणि खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "सरांच्या शब्दाभाईर जाऊ नगं." आशीर्वाद नाही, तब्येतीला जप नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, मागे उभी होती. काचा पुसायचं फडकं घाईत दुकानातून तिच्या हातातच आलं होतं.

आमचं दुकान चष्म्याच्या काचा घासायचं. अप्पा घासायचे, अव्वा तपासायची. ती कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मैंदर्गीची, बोली कानडी, शाळा चौथीपर्यंत. काच डोळ्यापुढे धरून ती खिडकीच्या गजांकडे बघायची आणि काच हळूच हलवून गज कसे सरकतात ते पाहायची. नंबर बरोबर असला की म्हणायची, "सरी." कानडीत ‘बरोबर’ म्हणायला एवढंच लागतं. ती ‘सरी’ म्हणेपर्यंत अप्पा काच फ्रेममध्ये बसवत नसत. कागद नाही, सही नाही. घासणाऱ्याने आपली काच आपणच पास करायची नाही, हा दुकानाचा कायदा.

सर पुण्याचे. नेदरलँड्समध्ये अवकाश दुर्बिणींचे आरसे बनवणाऱ्या प्रयोगशाळेत मोठ्या पदावर होते. आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आले, माझं काम पाहिलं आणि घरी जेवायलाही आले. कडक भाकरी मोडता मोडता अप्पांना म्हणाले, "आता ही माझी मुलगी." अप्पांनी त्यांच्यासोबतचा फोटो दुकानात लावला, थेट गणपतीच्या शेजारी.

तिकडे क्लीनरूममध्ये, डोळे तेवढे उघडे ठेवणाऱ्या पांढऱ्या सूटमध्ये, मी आठ वर्षं आरसे पॉलिश केले. त्यातला एक आरसा मुख्य टेस्टमध्ये उत्तम ठरला. मला चैन पडेना. दुसऱ्या डोळ्याने तपासल्याशिवाय मन मानत नाही, ही घरची खोड. म्हणून एका साध्या, जुन्या उपकरणावर तो पुन्हा तपासला. कडेला चूक दिसली, केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी.

सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "ते उपकरण जुनं झालंय गं. मुख्य टेस्टवर विश्वास ठेव." मी ठेवला. लेखी काहीच दिलं नाही. आमच्याकडे तोंडाने सांगितलं की झालं, त्यात लिहायचं काय? शिवाय स्टेशनवरचे अप्पा कानात होतेच.

वर्षभराने दुर्बीण जोडून पाहिली तर चित्र पुसट. चौकशीत कळलं, मुख्य टेस्टच्या उपकरणातच एक भिंग सरकून बसलं होतं. त्याच्या भरवशावर आम्ही आरसा अगदी नेमका चुकवला होता. मिटिंगमध्ये प्रश्न आला, दुसऱ्या टेस्टमध्ये काही दिसलं नव्हतं का? सर समोरच्या कागदाकडे पाहत म्हणाले, "दिसलं असेल. मला कुणी कळवलं नाही." हे ते इंग्रजीत बोलले. मराठीत त्यांना जमलं नसतं असं मला वाटत राहतं, पण तो माझा भाबडेपणा. केसाने गळा कापणं मी तोवर नुसतं ऐकलं होतं. माझं काँट्रॅक्ट पुढे वाढलं नाही.

रडत घरी फोन केला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येवढा मोठा मानूस खोटं कशाला बोलंल? तूच इसरली असशील की." सरांचा मला राग येतो. अप्पांचं ते वाक्य आठवलं की राग येत नाही, मी केबिनमधला तो दिवस मनात पुन्हा तपासायला बसते.

आता मी नेदरलँड्समध्येच मायक्रोस्कोपची भिंगं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आहे. सगळं लिहून ठेवते, सह्या घेते. माझ्यासारख्या घर सोडून गेलेल्यांनो, हे शिकून घ्या. शिकल्यावर माणूस जरा कोरडं होतं, तेही सांगून ठेवते.

मागच्या दिवाळीत सोलापूरला गेले. सरांचा फोटो होता तिथेच होता. अप्पा काच घासत होते, त्यांनी मान वर केली नाही. अव्वा खिडकीशी बसली होती. मशीन थांबल्यावर तिने विचारलं, "त्येस्नी सांगितलं हुतंस का तू?"

"सांगितलं होतं, अव्वा."

हातातली काच खाली ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. काचेला लावते त्याहून जास्त वेळ तिने मला लावला. मग म्हणाली, "सरी."

अप्पांनी ते ऐकलं. फोटो मात्र काढला नाही. तिच्या ‘सरी’नंतरही त्यांनी बाजूला ठेवलेली माझ्या माहितीतली पहिलीच काच म्हणजे मी. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी आजही सोलापूर सांगते. पण सांगताना डोळ्यांपुढे अख्खं दुकान येत नाही, फक्त खिडकीकडची बाजू येते.