डोंगरमाथ्यावरची वाळू

ती घटना आठवली की आजही माझी उजवीकडची खालची दाढ कळवळते. पोलीस खात्यात कुणाला गोळी लागते, कुणाला दगड लागतो, बदली तर सगळ्यांनाच लागते. मला एक खडा लागला. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. पण त्या खड्यावर एका पोराचं उभं आयुष्य अडून बसलं होतं.

मागच्या हिवाळ्यात मी आणि सौ. सांगलीहून गाडी काढून निघालो. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मला रस्ता दिसला की जावंसं वाटतं. पूर्वी रस्ता दिसला की नाकाबंदी आठवायची. कराड मागे पडलं, सातारा मागे पडला, घाट सुरू झाला. वळणावळणाने वर आलो आणि एकदम ते पठार समोर उलगडलं. डोंगराच्या माथ्यावर अंथरल्यासारखी हिरवळ, खाली दरीत धरणाचं निळं पाणी, आणि कडेला कौलारू बंगल्यांचं रिसॉर्ट. लोक इथे गोल्फ खेळायला येतात. सौ. गाडीतून उतरली, कमरेवर हात ठेवून तिने सगळं पाहून घेतलं आणि म्हणाली, "एवढं गवत, आणि चरायला एक शेळी नाही!"

मी मात्र गवताकडे पाहतच नव्हतो. मी वाळूकडे पाहत होतो.

गोल्फच्या मैदानात मध्ये मध्ये वाळूचे खड्डे केलेले असतात. त्यांना बंकर म्हणतात. चेंडू त्यात पडावा आणि खेळणाऱ्याची फजिती व्हावी, एवढाच त्यांचा उद्देश. माणसं पैसे देऊन फजिती करून घेतात हे मला पोलीस ठाण्यात बसून कधी कळलं नसतं. ती वाळू साधी नसते. पांढरी, धुतलेली, साखरेसारखी. या रिसॉर्टने ती परराज्यातून ट्रकने मागवली होती.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. तेव्हा मी याच डोंगराच्या पायथ्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. एक दिवस रिसॉर्टचे मालक स्वतः तक्रारी अर्ज घेऊन आले. गोरे, उंच, पांढरी टोपी. ठाणे अंमलदाराने अर्ज वाचला आणि माझ्याकडे आणून ठेवला.

"साहेब, वाळूचोरी."

"नदीवर जाऊन पंचनामा करा," मी मान वर न करता म्हणालो. आमच्या भागात वाळूचोरी म्हणजे नदीपात्र, डंपर आणि पाठलाग.

"नदी नाही साहेब. डोंगरावर."

मी मान वर केली.

अर्जात लिहिलं होतं की मैदानामागे ताडपत्रीखाली ठेवलेला वाळूचा साठा निम्मा झाला आहे. मोठी स्पर्धा तोंडावर आलेली, बंकर भरायचे आहेत, आणि संशय गेटवरच्या वॉचमनच्या मुलावर आहे. मुलाचं नाव वाचलं आणि मी टेबलावरचा दुसरा कागद उचलला. तेच नाव. पोरगा सैन्यभरतीत निवडला गेला होता आणि त्याची चारित्र्य पडताळणी माझ्या सहीसाठी थांबली होती. 'गुन्हा दाखल' असा शेरा पडला की त्याला सैन्याचं दार बंद. साताऱ्याकडच्या पोराला सैन्याचं दार बंद होणं म्हणजे काय, ते मी लिहायला नको. त्याचा आजा फौजेत, बाप फौजेत. गावाच्या कमानीवर त्यांच्या घरातली नावं कोरलेली.

मालक म्हणाले, "स्पर्धेच्या आत एफआयआर झाला पाहिजे."

मी म्हणालो, "आधी चौकशी होईल. मग काय व्हायचं ते होईल."

त्याच दुपारी एक फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "वॉचमनच्या घराम्होरं वाळूचा ढीग पडलाय. गिलावा चाललाय. जाऊन बघा की." एवढंच बोलून फोन बंद. गावात एखाद्याच्या पोराची भरती झाली की पेढे सगळे खातात, पण ते सगळ्यांना पचत नाहीत, हा माझ्या नोकरीतला अनुभव.

मी आणि आमचे हवालदार गेलो. घरापुढे ढीग होता खरा. हवालदारांनी मूठ भरली आणि माझ्यापुढे धरली. काळपट राखाडी, टोकदार. खडी फोडून केलेली, बांधकामाची. रिसॉर्टच्या वाळूशेजारी ती ठेवली तर तांदळाशेजारी उडीद ठेवल्यासारखी दिसली असती. तिथेच पंचनामा करून दोन पुड्या बांधल्या.

मालकांचं समाधान झालं नाही. त्यांनी आम्हाला मैदानावर नेलं आणि बंकरमध्ये उमटलेली अनवाणी पावलं दाखवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत, मग पुन्हा. पोराला बोलावलं. वीस-एकवीसचा, काटक, मान ताठ.

"ही पावलं तुझी?"

"व्हय साहेब."

मालकांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

"वाळूत काय करत होतास?"

"पळत हुतो."

"कुणापासून?"

"कुणापास्नं न्हाई साहेब. पोटऱ्या तयार व्हत्यात वाळूत. भरती झाली तरी पळायचं सोडू नगं, असं आबा म्हणत्यात. चूक झाली. पर वाळू न्हाई नेली."

चोर खोटं बोलताना जास्तीचं बोलतो. याने एक शब्द जास्तीचा टाकला नव्हता. मला तो खरा वाटला. पण 'खरा वाटला' हा काही पुरावा नव्हे.

मग गेटवरच्या वॉचमनला, म्हणजे त्याच्या बापाला विचारलं. सैन्यातून हवालदार म्हणून परतलेला माणूस, मिशांना पीळ, गणवेशाला कडक इस्त्री. माझ्यापुढे सावधानमध्ये उभा राहिला.

"माझ्या गेटातनं टाचणी बी चोरीला गेली न्हाई, साहेब."

"मग चोर कोण?"

"चोरी झालीच न्हाई तर चोर कुठनं दावू? देवाशपथ, माझ्या पोरानं काय नेल्यालं न्हाई. आन ह्येंचं बंकर, बंकर काय लावलंय. आमच्या बंकरात मानसं पडायची साहेब, चेंडू न्हाई."

मालक चिडले. आमचे हवालदार भिंतीकडे वळून हसले. आणि चौकशी जिथल्या तिथे राहिली.

मालक कितीही घाईचे असले तरी पाहुणचाराला पक्के. आम्हाला व्हरांड्यात बसवलं, चहा आणला, सोबत काचेच्या बशीत भडंग. कुरकुरीत चिरमुरे, शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता, वर मसाला. सांगलीच्या माणसापुढे भडंग ठेवणं म्हणजे मांजरापुढे दूध. मी पहिला घास हळूहळू चावला. झकास. दुसरा घास भरून घेतला, आणि दाढेखाली कडकन आवाज झाला. डोळ्यांपुढे सगळा सह्याद्री फिरला.

मी तळहातावर खडा काढला. फेकणारच होतो. पण उन्हात तो चमकला. पांढरा, साखरेसारखा.

मी सावकाश उठलो. खिशातून मैदानावर नमुना म्हणून घेतलेली रिसॉर्टच्या वाळूची पुडी काढली, उघडली आणि तो खडा त्यात ठेवला. हवालदारांना म्हणालो, "शोधा आता, माझा खडा कुठला?"

त्यांना सापडला नाही.

"हे भडंग कुठून येतं?" मी मालकांना विचारलं.

"सांगलीहून. दर आठवड्याला त्या भट्टीवाल्यांची व्हॅन येते. का?"

"जीप काढा," मी हवालदारांना म्हणालो.

डोंगर उतरून सांगली गाठेपर्यंत माझा एक गाल सुजला होता. भट्टी जुन्या वस्तीत होती. भट्टीवाले चाचा साठीचे, पांढरी दाढी, बनियनवर राखेचे डाग. चिरमुरे कसे होतात हे पाहिलं नसेल त्यांनी एकदा पाहावं. मोठ्या कढईत वाळू तापवतात, मिठाच्या पाण्यात भिजवून सुकवलेला तांदूळ त्यात टाकतात, झारा फिरतो आणि डोळ्यांदेखत कढई फुलते. मग चाळणीने वाळू खाली, चिरमुरे वर. कढईतली वाळू पाहिली आणि मी थांबलो. भाजून भाजून तांबूस होत चालली होती, पण शेजारच्या पोत्यातली अजून पांढरीच, दाणा तोच.

"चाचा, वाळू झकास आहे. कुठली?"

चाचांचा चेहरा असा खुलला, जणू मी त्यांच्या नातवाचं कौतुक केलं. "वरची हाय साहेब! डोंगरावरची. आता नदीची वाळू मिळतीया कुठं? मिळाली तर निम्मी माती, चिरमुरं काळं पडत्यात. ही बघा, कसा पांढराशुभ्र माल निघतोय."

"कुणी दिली?"

"गेटावरच्या मामांनी. मी इचारलं, मामा, जरा वाळू घिऊ का? ते म्हणलं, घे की. रिकामी पोती हुतीच गाडीत. उचलू बी लागलं बिचारं."

हवालदारांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

चाचांना घेऊन आम्ही परत वर गेलो. गेटवर वॉचमन, त्याचा मुलगा आणि मालक यांना समोरासमोर उभं केलं.

"आबा, तुम्ही यांना वाळू दिलीत?" मी वॉचमनला विचारलं.

"दिली की," वॉचमन शांतपणे म्हणाला.

मालकांची टोपी हलली. मी म्हणालो, "अहो, मग चोरी झाली नाही म्हणून देवाशपथा कशाला घेत होता?"

"चोरी कुठं झाली? मागितली, दिली. कुंभाराला माती आन भट्टीवाल्याला वाळू न्हाई म्हणू नये, साहेब. आमच्या गावात तशी रीतच न्हाई. तुम्ही चोर इचारला, वाळू कुणाला दिली ह्ये कुणी इचारलंच न्हाई." मग त्याची नजर मुलाकडे गेली. "म्हंजी... माझ्यापायी पोराचं कागद अडलं व्हय?"

पोरगा पुढे झाला आणि बापाच्या शर्टाची कॉलर उगाच नीट करू लागला.

मालक विश्वासघाताचं कलम विचारू लागले. मी तोंडातली सूज सांभाळत, शक्य तितक्या गंभीर आवाजात म्हणालो, "साहेब, तुमची वाळू चाचांच्या कढईत गेली, कढईतून भडंगात आली, भडंगातून तुमच्याच व्हरांड्यात आली. म्हणजे मुद्देमाल रिसॉर्टमध्ये परत येतोच आहे. जरा सावकाश येतोय, एवढंच. आणि निकाल लागेपर्यंत भडंगाचा प्रत्येक घास मला सील करावा लागेल."

मालक आधी माझ्याकडे पाहत राहिले, मग चाचांकडे, आणि मग असे हसले की टोपी पडली. चाचांनी कानाला हात लावला आणि सगळी वाळू परत भरून आणतो म्हणाले. आणलीही. स्वच्छ धुऊन आणली, पण रंग गेला तो गेलाच, आणि चिरमुऱ्यांचा खमंग वास काही गेला नाही. स्पर्धेत मालकांचा स्वतःचा चेंडू नेमका त्याच बंकरमध्ये पडला. खाली वाकलेला माणूस वर येईना. मी बंदोबस्ताला होतो, लांबूनच विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही हो. भूक लागली."

तक्रार गैरसमजातून दिली असा जबाब त्यांनी लिहून दिला. मी पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही आढळले नाही' असं लिहून सही केली. नोकरीत हजारो सह्या केल्या. इतक्या ठसक्यात केलेली ही एकच.

पोलिसाला शिकवतात, काय चोरीला गेलं ते विचार. या प्रकरणानंतर मी आधी विचारायचो, इथे कुणी काही मागितलं होतं का? आपल्याकडची निम्मी भांडणं चोरीची नसतातच. एकाची रीत दुसऱ्याला माहीत नसते, एवढंच असतं. त्या एका प्रश्नाने मी कितीतरी एफआयआर व्हायच्या आधी मिटवले.

परतीच्या वाटेवर सौ.ला म्हटलं, सांगलीत भट्टीवरून जाऊ. चाचा आता कढईपाशी उभे राहत नाहीत, खुर्चीत बसून हुकूम सोडतात. त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर काचेची एक बरणी होती, पिवळसर बारीक वाळूने भरलेली.

"ही कुठली, चाचा?"

"राजस्तानची. गेटावरच्या मामांच्या पोरानं आणली साहेब. बॉर्डरवर हाय न्हवं तो. सुट्टीवर आला की पैल्यांदा हितं येतो. लय बारीक हाय, भाजाय चालत न्हाई. पर ठेवलीय." चाचांनी बरणी उतरवून माझ्या हातात दिली. "मी म्हणलं, आरं सरकारची वाळू, कशाला आणलीस? तर माझ्या कानाशी येऊन म्हणतोय कसा, चाचा, साहेबास्नी सांगा, मागून आणलीय."