तळ्यातल्या पाण्याचा पेला

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोयाबीनवर फवारा मारत होतो. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल. तिचा मुलगा म्हणाला, "मामा, आई गेली... झोपेतच." मी बांधावर बसलो. समोर तळं होतं. वेड्यासारखा मी त्यात तिची पोहायची केशरी टोपी शोधत राहिलो.

आक्का माझी थोरली बहीण. केजच्या दवाखान्यात सिस्टर होती. आमच्या लहानपणी आई घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत. तळ्याला तशी राखण नव्हती. तिथंच आक्का पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकली. निवृत्त झाल्यावर दरवर्षी दिवाळी सरली की ती धुक्यातच तळ्यात उतरायची आणि उन्हं कलेपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहायची. मी मागे मासेमारीच्या होडीत. मधोमध गेलं की काठ दिसेनासा व्हायचा, धारूरकडचे डोंगर विरघळून जायचे, उरायचा तो तिच्या हातांचा संथ आवाज... मला चक्क डुलकी लागायची. ती म्हणायची, "मधी गेलं ना मिलिंद, की आपलं वय, नाव, काहीच ध्यानात ऱ्हात न्हाई बघ."

वाटेतल्या प्रत्येक गावच्या काठाला ती थांबायची. भाषण नाही, फलक नाही. फक्त पेलाभर पाणी मागायची. लोक कौतुकानं जारचं गार पाणी पुढं करायचे. "हे नको. तळ्यातलं भरून द्या, तुमच्या हातानं," ती म्हणायची. मग सगळ्यांना कामं आठवायची. औषधाचे रिकामे डबे कुठं फेकतो, पंप कुठं धुतो, हे ज्याचं त्याला ठाऊक होतं.

शेवटचा काठ माझ्या शेताचा. गेल्या वर्षी तिनं तिथं पेला मागितला. मी वाकलो, आणि हात तसाच राहिला. आदल्या संध्याकाळी मी तिथंच पंप धुतला होता.

"कावून रे, हात कावून थांबला?"

"आक्का, घरचं आणतो."

तिनं रिकामा पेला माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "आईच्या येळंला लोक आपल्याला भ्यायचे, पाणी बाटंल म्हणून. आता तूच पाण्याला भ्यायलास." आणि तहानलेलीच घरी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात मी तळ्यापासून लांब, शेताच्या वरच्या अंगाला पंप धुवायला खड्डा खणला. शेजाऱ्यांच्याही मागं लागलो. दोघांनी ऐकलं, बाकीचे अजून चिडवतात. आक्काला यातलं काही सांगितलं नव्हतं. यंदा तिनं मागायच्या आत पेला पुढं करायचा, असा माझा बेत होता.

आक्काच्या नावानं पाणी ओतायचा जलदान विधी आमच्या वस्तीवरच झाला. भाच्यानं बाटलीबंद पाणी आणलं होतं. मी त्याला थांबवलं आणि तळ्यातून कळशी भरून आणली. बुद्धवंदना चालू असताना धार धरली, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत. हात थांबला नाही.

कळशीत पेलाभर पाणी उरलं. ते फेकून द्यायला मन होईना. सगळे जेवायला उठल्यावर मी ते पेल्यात घेतलं. तिला द्यायला मी फार उशीर केला होता. थोडी गाळाची चव लागली. मी सगळं प्यालो.